उद्या कोण येणार?

तुमचे पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतले आहेत. राख, लीद, खरकटं पाणी आणि गटारातला काळा गाळ यांचा हा राडा. पॅरिसचा चिखल कपड्याला लागला की डाग सुटत नाही, हे इथलं पोरही जाणतं. साल १६३४, जानेवारी महिना. सेन नदीच्या डाव्या तीरावर, सां निकोला द्यू शार्दोने चर्चजवळच्या एका गल्लीत तुम्ही उभे आहात. दोन्हीकडची उंच घरं एकमेकांकडे झुकलेली, मध्ये आकाशाची जेमतेम हातभर पट्टी. ओल्या सरपणाचा धूर डोळ्यांना झोंबतो आहे.

समोरचं दार उघडतं आणि दोन तरुण मुली बाहेर येतात. दोघींनी मिळून एक जड पातेलं धरलं आहे. झाकणाच्या कडेनं वाफ निघते आणि मटणाच्या रश्श्याचा वास तुमच्यापर्यंत येतो. मुलींच्या अंगात राखाडी रंगाचे जाडेभरडे लोकरी झगे आहेत, डोक्याला पांढरं कापड. आसपासच्या खेड्यांतल्या बायका असाच पेहराव करतात. एकीची बोटं थंडीनं भेगाळली आहेत. ती तुमच्याकडे पाहते आणि काही न विचारता पावाची टोपली तुमच्या हातात देते.

"चला. निवायच्या आत पोचायला हवं."

पहिलं घर जवळच आहे. तापानं फणफणलेली एक बाई, उशाशी तिची बहीण. इथे मुली फार रेंगाळत नाहीत. वाढतात, विचारपूस करतात, निघतात. दुसरं घर, तिसरं घर. जिथे आजाऱ्याजवळ कोणी ना कोणी आहे, अशी घरं आधी उरकली जातात. शेवटी एका काळोख्या जिन्यानं तुम्ही पार छपरापर्यंत चढता. तिथे पेंढ्याच्या गादीवर एक म्हातारा पडला आहे. त्याला कोणी नाही.

"एकटा असतो त्याच्याकडे सर्वांत शेवटी यायचं," भेगाळल्या बोटांची मुलगी सांगते. "म्हणजे त्याच्यापाशी बसायला वेळ उरतो."

ती त्याला हसून हाक मारते. मांडीवर स्वच्छ फडकं अंथरते. त्याचे हात धुते, त्याच्याबरोबर जेवणाआधीची प्रार्थना म्हणते. मटणाचे बारीक तुकडे करून देते, पाव रश्श्यात भिजवते, पेल्यात थोडी वाइन ओतते. म्हातारा सावकाश खातो. मग पेला खाली ठेवत, तिच्याकडे न बघता विचारतो, "उद्या?"

"उद्या आमच्यातलीच कोणीतरी येईल. पाळी ठरलेली आहे."

तिच्या या उत्तरामागे दोन माणसांच्या आयुष्याची कमाई आहे. ती कशी जमली हे पाहायला तुम्हाला इथून मागे जावं लागेल.

आता १६१७ चा ऑगस्ट आहे. फ्रान्सच्या आग्नेयेकडचं शाटियों हे छोटं गाव, रविवारची सकाळ. चर्चमध्ये नवे धर्मगुरू मिस्सेची वस्त्रं चढवत आहेत. व्हिन्सेंट डी पॉल, वय ३६. दक्षिणेकडच्या पुई गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी गुरं-मेंढरं राखली, १६०० साली गुरुदीक्षा घेतली. पुढची बरीच वर्षं एखादी बऱ्या उत्पन्नाची जागा मिळावी आणि घरच्यांना हातभार लावता यावा, याच खटपटीत गेली. तो माणूस आता बदलू लागला आहे.

इतक्यात निरोप येतो: गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी पडले आहेत, पाणी द्यायलाही कोणी उठू शकत नाही. व्हिन्सेंट वेदीवर जातात आणि प्रवचनात त्या घराबद्दल बोलतात. दुपारी ते स्वतः तिकडे निघतात, तुम्हीही त्यांच्या मागे निघा. रस्त्यावर बायकांची रीघ लागली आहे. कोणाच्या हातात पाव, कोणाच्या रस्सा, कोणाच्या मांस. काही जणी जात आहेत, काही परतत आहेत, काही उन्हानं थकून झाडाखाली बसल्या आहेत. जत्रेच्या वाटेवर असावी तशी गर्दी.

हे दृश्य पाहून कुठल्याही धर्मगुरूला धन्य वाटलं असतं. व्हिन्सेंटनाही आनंद होतो, पण ते त्या आनंदात थांबत नाहीत. घरात शिरल्यावर त्यांना दिसतं की आज इतकं अन्न आलं आहे की त्यातलं बरंचसं नासून जाईल, आणि उद्या-परवा हे घर पुन्हा होतं तसंच उपाशी राहील. लोकांच्या मनात माया भरपूर आहे. कमी आहे ती घडीची.

काही दिवसांतच ते गावातल्या बायकांना एकत्र बसवतात. रोज एकीची पाळी. सामान कोणी आणायचं, शिजवायचं कोणी, पैसे कोणी सांभाळायचे, हिशेब कोणाला दाखवायचा, सगळं कागदावर. आजाऱ्याचे हात धुवायचे, फडकं अंथरायचं, पोटच्या मुलाला भरवावं तसं भरवायचं, आणि एकट्याला शेवटी ठेवायचं, हेही त्याच कागदावर. १६१७ च्या ८ डिसेंबरला या मंडळाची रीतसर स्थापना होते. पॅरिसच्या छपराखाली तुम्ही जे पाहिलंत, त्याची पहिली नियमावली ही.

पुढच्या वर्षांत अशी मंडळं गावोगाव उभी राहतात. १६२५ मध्ये व्हिन्सेंट खेड्यापाड्यांत धर्मसेवा करणाऱ्या धर्मगुरूंचा संघ काढतात. मग बायकांचं ते सेवामंडळ पॅरिसमध्ये येतं आणि तिथे अडतं. इथे मंडळात सरदारांच्या, न्यायाधीशांच्या, बड्या अधिकाऱ्यांच्या बायका आहेत. त्यांचं मन साफ आहे, त्या पैसा देतात. पण रेशमी झगा सावरत चिखलातून पातेलं कसं वाहायचं? घरी नवऱ्यांना साथीच्या रोगांची धास्ती. मग मोलकरणी पाठवल्या जातात. त्यांनी हे काम मनानं निवडलेलं नसतं आणि ते आजाऱ्याला पहिल्या दिवशीच कळतं. पाळी ठरली, हिशेब ठरला, पण जिना चढणारे पाय मिळेनात.

ते पाय गुरं राखणाऱ्या एका मुलीचे निघतात. पॅरिसजवळच्या स्यूरेन गावची मार्गेरीत नाझो. गायी राखता राखता तिला वाटलं की आपण वाचायला शिकावं. तिनं मुळाक्षरांची पाटी मिळवली. रस्त्यानं जाणाऱ्यांना थांबवून ती विचारायची, हे अक्षर कोणतं, हा शब्द कसा वाचायचा? असं एकेक अक्षर गोळा करत ती शिकली, आणि मग गावोगाव हिंडून मुलींना शिकवू लागली. लोकांनी नावं ठेवली, खायला नसायचं, तरी थांबली नाही. व्हिन्सेंट तिच्या भागात आले तेव्हा तिनं ऐकलं की पॅरिसमध्ये आजाऱ्यांसाठी माणसं हवी आहेत. ती गेली. तिच्या मागोमाग आणखी मुली गेल्या. तुम्ही १६३४ मध्ये पॅरिसला पोचलात तेव्हा मार्गेरीत हयात नव्हती. आदल्याच वर्षी तिनं प्लेग झालेल्या एका निराधार मुलीला आपल्या बिछान्यात जागा दिली होती. त्याच आजारात ती गेली, चाळिशी गाठण्याआधी. गरिबांची सेवा करणाऱ्या या मुलींना पुढे 'बहिणी' म्हणू लागले; व्हिन्सेंट तिला त्यांच्यातली पहिली म्हणत, आणि तिची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत.

चला, पुन्हा त्या गल्लीतल्या घरात. संध्याकाळ झाली आहे. पातेलं घासून पालथं घातलं आहे. मेणबत्तीच्या उजेडात एक कृश बाई टेबलाशी बसली आहे. तिच्या पुढ्यात हिशेबाची वही आणि शेजारी अक्षरं गिरवणारी एक मुलगी. बाईंचं वय ४२. सगळे त्यांना मादमोआझेल ल ग्रा म्हणतात. माहेरचं नाव लुईझ द मारियाक.

घराणं नामांकित, पण लुईझ यांचा जन्म लग्नाबाहेरचा. आई कोण, हे त्यांना कधीच कळलं नाही. बालपण प्वासीच्या मठात गेलं, तिथे उत्तम शिक्षण मिळालं. पुढे एका साध्या वसतिगृहात राहून त्या स्वयंपाक आणि घरकाम शिकल्या. १६१३ मध्ये राणीच्या पदरी असलेल्या एका चिटणिसाशी लग्न झालं, मुलगा झाला. पती दीर्घ आजारानं खचत गेले आणि १६२५ च्या डिसेंबरात वारले. त्या काळात लुईझ यांचं मन इतकं अंधारलं होतं की आपण काही चुकलो म्हणूनच हे दुःख आलं, असं त्यांना वाटे. मुलाची काळजी तर जन्मभर सुटली नाही.

व्हिन्सेंट त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक झाले ते याच सुमाराला. त्यांनी लुईझना घाईनं कुठल्याही कामाला जुंपलं नाही. चारेक वर्षं पत्रं लिहीत राहिले: मन मोकळं ठेवा, आनंदी राहा, देवाच्या पुढे धावू नका. १६२९ च्या मे महिन्यात त्यांनी लुईझना पहिल्या कामगिरीवर पाठवलं, मोंमिराय भागातल्या सेवामंडळांची पाहणी करायला. लुईझ घोडागाडीच्या धक्क्यांतून गावोगाव फिरल्या. कुठे हिशेब विस्कटला होता तो लावला, कुठे बायकांमधली भांडणं मिटवली, कुठे मुलींना वाचायला शिकवणारी कोणी नव्हती ती शोधली. दुसऱ्यांची विस्कटलेली घडी बसवताना त्यांची स्वतःची घडी बसत गेली.

पॅरिसमध्ये खेड्यांतून आलेल्या मुली वेगवेगळ्या मंडळांत विखुरलेल्या त्यांनी पाहिल्या. जखमा बांधायला, शीर उघडून रक्त काढायला, औषधी काढे करायला त्यांना कोणी शिकवत नव्हतं. थकून आल्यावर धीर द्यायलाही कोणी नव्हतं. या मुलींनी एकत्र राहायला हवं, असं लुईझ म्हणू लागल्या. व्हिन्सेंट सावध होते. बराच काळ त्यांनी होकार दिला नाही. अखेर १६३३ च्या २९ नोव्हेंबरला लुईझनी तीन-चार मुलींना आपल्या घरात घेतलं. ज्या घराच्या पायरीवरून तुम्ही पातेल्यामागे निघालात, तेच हे घर. शाटियोंला घडी व्हिन्सेंटनी घातली. ती टिकवणारी माणसं घडवली लुईझनी.

आता सहा महिने पुढे या. १६३४ च्या जुलैची ३१ तारीख, उकाड्याचा दिवस. बाकांवर मोजक्या मुली बसल्या आहेत आणि समोर व्हिन्सेंट. जुना झगा, दक्षिणी हेल, डोळ्यांत मिस्कील चमक. ते प्रवचन देत नाहीत, प्रश्न विचारतात. मुली उत्तरं देतात, अडखळतात, एकमेकींकडे पाहतात. प्रत्येकीचं बोलणं ते नीट ऐकून घेतात. मग दिवसाचा क्रम सांगतात, आणि त्यातच असं काही सांगतात की तुम्ही सावरून बसता: प्रार्थना चालू असताना गरिबाचं बोलावणं आलं, तर प्रार्थना सोडून उठा. तुम्ही देवाला सोडून देवाकडेच जात असाल.

हे त्या काळात किती धाडसाचं होतं, हे समजून घ्या. १५६६ मध्ये पोप पाचवे पायस यांनी व्रतस्थ स्त्रियांना मठाच्या चार भिंतींआड राहणं बंधनकारक केलं होतं. संत फ्रान्सिस द साल यांनी आपल्या संघातल्या बहिणींना आजाऱ्यांच्या घरी पाठवलं होतं, पण काही वर्षांतच त्यांनाही भिंतीआड जावं लागलं. व्हिन्सेंट आणि लुईझ यांना हे ठाऊक होतं. जोगिणीचा बुरखा, मठ, जाळीची खिडकी आली की रस्ता बंद होणार, आणि छपराखालचा म्हातारा पुन्हा एकटा पडणार. म्हणून या मुलींनी खेडवळ बायकांचाच पेहराव ठेवला, मिस्सेला त्या साध्या पॅरिशच्या चर्चमध्ये जात. १६४२ च्या २५ मार्चला लुईझ आणि चार बहिणींनी पहिल्यांदा व्रतं घेतली. पुढे ही व्रतं दरवर्षी त्याच दिवशी नव्यानं घ्यायची रीत पडली. आजाऱ्यांची घरं हाच त्यांचा मठ आणि शहराचे रस्ते हेच त्यांचं अंगण, असं व्हिन्सेंट त्यांना समजावत. ख्रिस्तसभेची आज्ञा त्यांनी मोडली नाही, पण गरिबाचं दारही बंद होऊ दिलं नाही.

या मुलींना आपल्या कामाची किती खोल जाण होती, हे १६३६ मध्ये दिसतं. राजाचे प्रमुख मंत्री कार्डिनल रिशल्यू यांची भाची, पुढे एग्वियोंची डचेस झालेली, हिनं एक बहीण स्वतःच्या वाड्यात मागून घेतली. बार्ब आंजिबूस्त हिला पाठवलं. वाड्यातला थाट पाहून बार्ब रडू लागली. मी गरिबांची सेवा करायला आईबापांना सोडून आले, आणि ही तर श्रीमंत बाई आहे, असं तिनं सांगितलं. तिला परत बोलावून घेतलं गेलं. अख्खा फ्रान्स ज्या कार्डिनलला वचकून होता, त्याच्या भाचीच्या घरचं सुख एका खेडवळ मुलीनं नाकारलं. पुढे जहाजांवर वल्ही मारायची शिक्षा झालेल्या, साखळदंडांत जखडलेल्या गॅली-कैद्यांची सेवा करायची वेळ आली, तेव्हा ती पुढे झाली.

१६३८. नोत्र-दाम कथीड्रलजवळच्या 'ला कूश' नावाच्या घरात पाऊल टाका. मन घट्ट करा. चर्चच्या पायऱ्यांवर, गल्लीबोळांत टाकून दिलेली तान्ही मुलं इथे आणली जातात. एक विधवा आणि दोन मोलकरणी इतक्या मुलांना पुऱ्या पडत नाहीत. दूध नाही. रडणं थांबावं म्हणून झोपेचं औषध दिलं जातं. काही मुलं आठ-आठ सू या किरकोळ नाण्यांना विकली जातात, आणि विकत घेणाऱ्या भिकाऱ्यांपैकी काही जण त्यांचे हातपाय मोडून त्यांना भिकेला बसवतात. व्हिन्सेंटनी हे सारं स्वतः सांगून ठेवलं आहे.

लुईझ आधी बारा मुलं घेतात. कोणती बारा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. चिठ्ठी न निघालेल्या पाळण्यांसमोर उभं राहून पाहा, म्हणजे १६४० मध्ये सगळीच मुलं घ्यायचा निर्णय का झाला ते कळेल. आता मुलांना दूध पाजणाऱ्या दायांची यादी हवी. कोणत्या गावात कोणतं मूल कोणाकडे दिलं, महिन्याचे पैसे पोचले का, मूल धड आहे का हे पाहायला कोण जाणार, या सगळ्याची वही लुईझ ठेवतात. ज्या बाईला स्वतःची आई कधी कळली नाही, ती अनोळखी मुलांची नावं एकामागोमाग एक लिहून घेत आहे. पैसे संपतात. १६४७ मध्ये मदत करणाऱ्या बायकाही खचतात, तेव्हा व्हिन्सेंट त्यांच्यापुढे उभे राहून म्हणतात की तुम्ही या मुलांच्या आया झालात; आता न्यायाधीश म्हणून सांगा, यांनी जगायचं की मरायचं? त्या बायका काम सोडत नाहीत.

१६५२ चा जून. यादवी युद्धानं फ्रान्स पोळला आहे, आजूबाजूची शेतं उजाड, निर्वासितांचे लोंढे शहरात घुसले आहेत. तुम्ही सां-देनी उपनगरात आहात. बहिणींचं मुख्य घर आता इथे, व्हिन्सेंटच्या सां-लाझार या आश्रमासमोर. अंगणात मोठमोठी पातेली चुलींवर आहेत. या घरातून लाजेनं हात न पसरणाऱ्या १,३०० गरिबांना रोज रस्सा जातो, उपनगरातल्या ८०० निर्वासितांना वेगळा. एकट्या सां-पोल पॅरिशमध्ये चार-पाच बहिणी ५,००० माणसांना वाढत आहेत, आजारी आहेत ते वेगळेच. शाटियोंच्या एका घरासाठी लिहिलेली पाळीची पद्धत आता भुकेल्या शहराला पुरी पडते आहे. त्याच वर्षी तीन बहिणी पोलंडच्या वाटेला लागतात.

आणि आता १६६०. मार्च महिन्यात लुईझ अंथरुणाला खिळल्या आहेत. रस्त्याच्या पलीकडे ऐंशीच्या घरातले व्हिन्सेंट आहेत. पाय जखमांनी सुजलेले, त्यांना चार पावलंही टाकवत नाहीत. पस्तीस वर्षांची सोबत, आणि शेवटची भेट होऊ शकत नाही. ते एका धर्मगुरूकडे निरोप देतात: तुम्ही पुढे जात आहात, लवकरच स्वर्गात भेटू. १५ मार्चला लुईझ जातात. २७ सप्टेंबरच्या पहाटे, खुर्चीत बसल्या बसल्या, व्हिन्सेंटही जातात.

पण त्याआधी ते एक काम पुरं करतात. लुईझच्या जागी कोण, हा प्रश्न होता. एखादी प्रतिष्ठित, धनवान बाई वरून आणून बसवता आली असती. व्हिन्सेंट बहिणींमधूनच एकीला निवडतात: मार्गेरीत शेतीफ, आरासमध्ये गरिबांची सेवा करणारी एक बहीण. जिनं स्वतः जिने चढले, तिच्याच हाती घर दिलं.

त्यानंतरचं फार थोडक्यात पाहा. १८३३ मध्ये याच डाव्या तीरावर फ्रेडरिक ओझानाम हा विद्यार्थी मित्रांबरोबर गरिबांच्या घरी जाऊ लागला, आणि कोणत्या घरी जायचं, कसं बोलायचं हे त्यांना शिकवलं ते रोझाली रांद्यू या बहिणीनं. ती लुईझच्याच बहिणींच्या संघातली. त्या तरुणांनी आपल्या मंडळाला व्हिन्सेंट यांचं नाव दिलं. तेच संत व्हिन्सेंट डी पॉल मंडळ आज वसईच्या, मुंबईच्या, गोव्याच्या पॅरिशमध्ये आहे. त्याचे सदस्य गरजू कुटुंबांच्या घरी जातात, कोणाला रेशन, कोणाला औषधं, कोणाच्या मुलाची फी पोचवतात.

करुणेचा क्षण आपल्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. पुराची बातमी ऐकून, फुटपाथवरचं मूल पाहून आपण हलतो, देतो, आणि पुढे जातो. शाटियोंच्या रस्त्यावरच्या त्या बायकाही अशाच हलल्या होत्या आणि त्यांच्या मायेत काहीच खोटं नव्हतं. व्हिन्सेंट आणि लुईझ यांनी त्या मायेला वार नेमून दिले, वही दिली, शिक्षण दिलं, आणि ती पुढे नेणारी, आपल्यापेक्षा साधी माणसं घडवली. मदत मागताना गरीब माणूस आपल्या मनातला उमाळा मोजत नाही. आपण पुन्हा येणार आहोत का, एवढंच त्याला हवं असतं. तुमच्या ओळखीत असं एखादं दार असेल, तर आधी वार ठरवा, आणि तुम्हाला जमणार नाही त्या दिवशी कोण जाणार, हेही आजच लिहून ठेवा.